मराठा खंदकाच्या काठाने

मध्ययुगीन नगर पायी पाहण्याची एक ठरीव रीत आहे. वेशीतून आत शिरावे, तटाच्या कडेने चालत बुरूज मोजावेत, मग पेठांमधून हिंडत देवळे, मशिदी, बारवा आणि हवेल्या पाहाव्यात. बिदर किंवा विजापूर पाहिलेल्या मराठी प्रवाशाच्या मनात ही रीत इतकी मुरलेली असते, की कोलकात्यात आल्यावरही त्याची नजर नकळत तट शोधू लागते. तट तेथे सापडत नाही. नदीकाठी इंग्रजांनी बांधलेला जुना किल्ला होता, तोही नाहीसा झाला आणि त्याच्या जागेवर आता टपाल कचेरीचा घुमट उभा आहे. वेस नाही, बुरूज नाही, राजवाड्याचे अवशेष नाहीत. जे शहर स्वतःला ‘जुने’ म्हणवते त्यात जुनेपणाची ओळखीची खूण एकही नसावी, याचे नवख्या माणसाला नवल वाटते.

याचा अर्थ शहर कालपरवाचे आहे असा नव्हे. ‘आईन-इ-अकबरी’त सातगाव सरकारातील महालांच्या यादीत कलकत्ता हे नाव येते. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर ही तीन गावे, त्यांतला सुताचा बाजार, कालीघाटला जाणाऱ्या यात्रेकरूंची पायवाट, एवढे सारे जॉब चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० रोजी सुतानुटीला उतरण्यापूर्वीच अस्तित्वात होते. १६९८ मध्ये कंपनीने या तीन गावांची जमीनदारी सावर्ण राय चौधुरी घराण्याकडून १,३०० रुपयांना घेतली. चार्नॉकला शहराचा संस्थापक म्हणू नये आणि शहराला एकच एक जन्मतिथीही नाही, असा निर्वाळा कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला, तो इतिहासाच्या दृष्टीने योग्यच होता. चितपूर रस्ता म्हणजे आजची रवींद्र सरणी. ती त्या यात्रावाटेवरूनच गेली आहे. उत्तर कोलकात्यात पाहुण्यांना फिरवणारे जाणकार बहुधा हीच वाट धरतात: बागबाजार, कुमारटुली, शोभाबाजार, जोडासांको. मातीच्या मूर्ती, जमीनदारांच्या ठाकुरदालनांचे खांब, रवींद्रनाथांचे घर. ही वाट सुंदर आहे आणि तिच्यावर लिहिलेलेही पुष्कळ आहे.

मराठी वाचकाने मात्र बागबाजारहून दुसरी वाट धरावी असे मला वाटते. ही वाट दक्षिणेकडे न जाता आधी पूर्वेला वळते. तिच्यावर पाहण्यासारखे फार थोडे आहे. पण तटाच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू या शहरात एकेकाळी होती, ती या वाटेवर होती. आणि ती आपल्यामुळे होती. बागबाजारच्या वस्तीत आजही एका गल्लीच्या पाटीवर ‘मारहाट्टा डिच लेन’ असे नाव दिसते. मराठा खंदकाची ही गल्ली.

या खंदकामागची हकीकत मराठी इतिहासात ‘बंगालवरील स्वाऱ्या’ या मथळ्याखाली येते. १७४२ च्या वसंतात नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे बखरींतले भास्करपंत, फौज घेऊन पश्चिम बंगालात उतरले. मागणी चौथाईची होती. नवाब अलिवर्दीखान ओरिसातून परतत असता वर्धमानजवळ त्याला मराठ्यांनी कोंडीत धरले. तो मोठ्या कष्टाने काटव्यापर्यंत पोचला. त्यानंतर मीर हबीब हा नवाबाच्या बाजूचा कर्तबगार माणूस मराठ्यांना मिळाला आणि वाटाड्या झाला. मे महिन्यात राजधानी मुर्शिदाबादेत शिरून जगतशेठांची पेढी लुटण्यात आली. पुढे हुगळीचे ठाणे मराठ्यांच्या हाती आले. भागीरथीच्या पश्चिमेचा मुलूख काही महिने जवळजवळ त्यांच्याच ताब्यात होता.

हुगळी पडल्याची वार्ता आली तेव्हा कोलकात्यात घबराट उडाली. हुगळी नदीच्या वरच्या अंगाला, एका दिवसाच्या मजलेवर. आणि मधे अडसर काय तो नदीचा. पश्चिम तीरावरून माणसांचे लोंढे पूर्वेकडे येत होते. शहराच्या देशी रहिवाशांनी कंपनीच्या कौन्सिलकडे परवानगी मागितली, की वस्तीभोवती आम्हीच एक खंदक खणतो. अलिवर्दीची संमती मिळाली. कौन्सिलने २५ हजार रुपये कर्जाऊ दिले आणि त्यांच्या फेडीसाठी सेठ घराण्यातील व्यापारी आणि उमीचंद यांसारखी बडी मंडळी जामीन राहिली. तट बांधणारा राजा असतो. या शहराचा खंदक सावकारांच्या हमीवर आणि रहिवाशांच्या खर्चाने खणला गेला. कोलकात्याच्या स्वभावाची ही पहिली ठळक नोंद मानायला हरकत नाही.

आराखडा सुमारे सात मैलांच्या अर्धवर्तुळाचा होता. उत्तरेला बागबाजारजवळ नदीपासून निघून शहराला पूर्वेकडून वळसा घालीत दक्षिणेला गोविंदपुराच्या टोकाशी पुन्हा नदी गाठायची, अशी कल्पना. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मग काम थांबले आणि कायमचे थांबले, कारण मराठे आलेच नाहीत. ज्यांच्यासाठी एवढी माती उपसली त्या फौजेतला एकही स्वार या खंदकाच्या काठावर उभा राहिला नाही. शहराला मात्र त्यातून एक टोपणनाव मिळाले. कोलकात्यात राहणाऱ्या गोऱ्यांना पुढे थट्टेने ‘डिचर्स’, म्हणजे खंदकवाले, असे म्हणत.

बागबाजारच्या कालव्याशी उभे राहिले की नवखा माणूस एक घोटाळा हमखास करतो. समोर वाहणारे काळपट पाणी त्याला मराठा खंदक वाटते. तो खंदक नव्हे. तो एकोणिसाव्या शतकात नावांसाठी खणलेला कालवा आहे. खंदक त्याच्या अलीकडे, आज घरे आणि रस्ते आहेत तेथे होता. उत्तरेच्या टोकाला पेरिन नावाच्या इंग्रजाची बाग होती आणि तिच्याजवळ एक छोटा बुरूज. या बुरुजाने आणि खंदकाने शेवटी लढाई पाहिली, पण शत्रू भलताच निघाला. १६ जून १७५६ रोजी अलिवर्दीचा नातू सिराजउद्दौला याच्या फौजेने पहिला हल्ला येथे चढवला. तो परतवला गेला. मग नवाबाचे सैन्य सरळ पूर्वेकडे सरकले आणि जिकडून संरक्षण नव्हते तिकडून शहरात शिरले. २० जूनला किल्ला पडला. मराठ्यांच्या धास्तीने नवाबाच्या संमतीने खणलेला खंदक, चौदा वर्षांनी नवाबाच्याच नातवाविरुद्ध उपयोगाला आला आणि तोही अपुरा ठरला.

बागबाजारहून पूर्वेकडे चालत गेले की थोड्याच वेळात श्यामबाजारचा पाच रस्त्यांचा चौक लागतो. मधोमध घोड्यावर बसलेल्या नेताजी सुभाषचंद्रांचा पुतळा आहे. तो १९६९ मध्ये बसवला गेला आणि घडवणारा शिल्पकार मुंबईचा मराठी माणूस होता. येथूनच आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग दक्षिणेकडे निघतो. जुने नाव अप्पर सर्क्युलर रोड. हा वर्तुळाकार रस्ता वर्तुळाकार का, याचे उत्तर खंदकात आहे: १७९९ मध्ये वेलस्लीच्या कारकिर्दीत खंदक बुजवण्यास आरंभ झाला आणि त्यावरून व त्याच्या कडेने हा रस्ता काढला गेला. चौकातल्या घोडेस्वाराची पाठ, तोंड, दिशा यांवर कोलकात्याचे लोक नाना विनोद करतात. मराठ्यांच्या घोडदळाला अडवण्यासाठी जो खंदक खणला त्याच्या माथ्यावर मराठी हातांनी घडवलेला घोडा उभा आहे, हा विनोद मात्र मी कोणाकडून ऐकला नाही.

येथे ‘बर्गी’ या शब्दाकडे वळणे भाग आहे. बंगालीत मराठ्यांच्या या स्वाऱ्यांना ‘बर्गीर हांगामा’ म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर. मराठी लष्करी व्यवस्थेत शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. म्हणजे बारगीर हा खरे तर अधिक बांधलेला, अधिक हुकमी शिपाई. हुद्द्याचा हा साधा शब्द पाच-दहा वर्षांत एका प्रांताच्या भाषेत लुटारू या अर्थाने रुजला. बंगाली घरांत मूल झोपवताना म्हणायच्या एका प्रसिद्ध गाण्यात बर्गी येतात आणि त्याबरोबर सारा भरायला धान्य कोठून आणायचे ही चिंताही येते. मराठीत जशी बागुलबुवाची भीती, तशी तिकडे आपली. फरक इतकाच, की बागुलबुवा कोणी पाहिलेला नसतो.

पाहणाऱ्यांपैकी एकाने लिहून ठेवले आहे. गंगाराम नावाच्या कवीचे ‘महाराष्ट्रपुराण’ हे बंगाली काव्य १७५१ च्या सुमाराचे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची पोथी मैमनसिंह भागात सापडली आणि बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेत छापली गेली. श्यामबाजारहून दक्षिणेला चालताना या परिषदेची वास्तू याच आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावर लागते. खंदकाच्या रेषेवर उभ्या असलेल्या ग्रंथालयाने खंदकाचे कारण जपून ठेवावे, असा हा योग. फाटकाशी थांबून आत जायला वेळ नसला, तरी निदान त्या काव्याचा आशय मराठी वाचकाने मनाशी आठवावा.

गंगारामाची मांडणी विलक्षण आहे. पृथ्वीला पापाचा भार सोसवेना, तेव्हा ती देवांकडे गेली. शिवाने नंदीला पाठवले आणि शाहूराजाच्या मनात प्रेरणा उत्पन्न केली, की बंगालची चौथाई वसूल कर. म्हणजे मराठे आले ते ईश्वरी शिक्षेचे साधन म्हणून. येथवर कवीच्या मनात परकेपणाचा राग नाही. शाहू, भास्कर ही नावे तो अदबीने घेतो. मग गावे ओस पडू लागतात. भट्टाचार्य पोथ्यांची गाठोडी घेऊन पळतात, सोनार तराजू आणि वजने घेऊन, कोळी जाळी घेऊन. ज्याच्या हाती ज्या कामाचे साहित्य ते घेऊन तो तो पळतो. कोणी कोणाला विचारले तर उत्तर असे, की बर्गी मी पाहिले नाहीत, सगळे पळतात म्हणून मीही पळतो. पुढची वर्णने सोसवत नाहीत. कापलेले हात, जाळलेली घरे, स्त्रियांवरचे अत्याचार, आणि प्रत्येकाजवळ एकच मागणी: रुपये. ब्राह्मण, वैष्णव, स्त्रिया यांच्यावर हात पडला तेव्हा ज्या देवतांनी मराठ्यांना पाठवले होते त्यांनीच त्यांच्याकडे पाठ फिरवली. काव्याचा शेवट भास्कराच्या वधाने होतो.

गंगाराम हा एकटा साक्षीदार नाही. वर्धमानच्या राजाच्या आश्रयाला असलेल्या बाणेश्वर विद्यालंकारांच्या ‘चित्रचम्पू’ या संस्कृत ग्रंथातही याच भयाचे वर्णन आहे आणि तो ग्रंथ तर ऐन धामधुमीतला, १७४४ चा. एक फारसी दरबाराबाहेरचा देशी कवी, एक संस्कृत पंडित, शिवाय युरोपीय कोठीवाल्यांची पत्रे. साक्षी इतक्या वेगवेगळ्या आणि तरी एकमेकींशी जुळणाऱ्या असल्या, की ‘शत्रूचा कांगावा’ असे म्हणून त्या बाजूला सारता येत नाहीत.

आपल्या बाजूच्या कागदांत हे जवळजवळ दिसत नाही. तेथे बंगाल येतो तो मुलूखगिरी, खंडणी, चौथाईची सनद यांच्या हिशेबात. १७४३ मध्ये तर दोन मराठी फौजा एकाच वेळी बंगालात होत्या. रघूजी भोसले स्वतः आले होते. आणि त्यांना हुसकावण्यासाठी नानासाहेब पेशवे अलिवर्दीच्या बाजूने उतरले होते. या मदतीबद्दल पेशव्यांना बावीस लाख रुपये आणि शाहूंना चौथाईचे आश्वासन मिळाले. बंगाली शेतकऱ्याला या दोन फौजांतला फरक किती समजला असेल? त्याच वर्षी शाहूंनी साताऱ्यात मध्यस्थी करून पूर्वेकडचे प्रांत रघूजींच्या वाट्याला लावून दिले. पेशवे-भोसले वादाचा हा निकाल आपल्या इतिहासग्रंथांत समाधानाने सांगितला जातो. ज्या प्रांताची वाटणी झाली त्याचे काय झाले, हे विचारायला आपल्याला गंगारामाकडे यावे लागते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. भास्करपंतांनी १७४२ च्या सप्टेंबरअखेर काटव्याजवळ दाईंहाट येथे दुर्गापूजा मांडली होती. पूजा पुरी होण्याआधीच अलिवर्दीने पहाटेच्या अंधारात नदी ओलांडून छापा घातला आणि मराठ्यांना पळावे लागले. पुढे ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी बोलावून भास्करपंत आणि त्यांच्या वीसहून अधिक सरदारांना तंबूतच कापून काढण्यात आले. विश्वासघातच तो, दुसरे नाव नाही. रघूजींच्या पुढच्या स्वाऱ्यांना त्याने सूडाची धार आली. प्रकरण मिटले ते १७५१ मध्ये: ओरिसावरचा अंमल प्रत्यक्षात भोसल्यांकडे आणि बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये. सुवर्णरेखा नदी ही सीमा ठरली. ओरिसा पुढे १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत नागपूरकरांकडे राहिला.

या प्रकरणावर दोन मोठ्या इतिहासकारांनी लिहिले आणि ते एकमेकांचे जिवलग मित्र होते. जदुनाथ सरकारांनी मोगल साम्राज्याच्या पतनावरील ग्रंथात बर्गींच्या धुमाकुळाचे चित्र कठोरपणे रंगवले. गोविंद सखाराम सरदेसायांनी ‘मराठी रियासत’ लिहिताना चौथाईच्या हक्काची आणि राजकारणाची बाजू मांडली. दोघांनी आयुष्यभर पत्रे लिहिली, एकमेकांकडे कागद पाठवले, पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड मिळून सिद्ध केले. या मुद्द्यावर मत जुळले नाही म्हणून स्नेह आटला नाही. आज या विषयावर मराठी आणि बंगाली माणसे बोलू लागली की आवाज चढतो, तेव्हा या दोन म्हाताऱ्यांची आठवण होते.

परिषदेपासून फार दूर नाही तो हलसीबागानचा भाग. येथे उमीचंदाची बाग होती. खंदकाच्या रेषेला या बाजूला एक बाक आहे, आणि जुने लेखक सांगतात, की उमीचंद व गोविंदराम मित्र या दोन धनिकांच्या बागा आत घेण्यासाठी तो बाक काढला गेला. गोविंदराम मित्र म्हणजे कंपनीच्या जमीनदारीतला देशी नायब. त्याने चितपूर रस्त्यावर बांधलेल्या नवरत्न मंदिराचे शिखर १७३७ च्या वादळात कोसळले. जामीन राहणाऱ्याची बाग खंदकाच्या आत यावी हे ओघानेच आले. आज त्या बाकावरून वाहने वळतात तेव्हा चालकाला आपण दोन सावकारांच्या कुंपणाला वळसा घालीत आहोत याची कल्पना नसते. याच बागेच्या आसपास फेब्रुवारी १७५७ मध्ये सिराजउद्दौलाची छावणी होती आणि ५ तारखेच्या पहाटे क्लाइव्हने दाट धुक्यातून तिच्यावर चाल केली. चार दिवसांनी अलीनगरचा तह झाला. प्लासी तेथून चार महिन्यांवर होती.

आणखी दक्षिणेला राजाबाजारचे विज्ञान महाविद्यालय आणि जगदीशचंद्र बोसांनी १९१७ मध्ये स्थापन केलेले विज्ञान मंदिर ही दोन्ही याच रस्त्यावर आहेत. त्यांच्याविषयी येथे विस्तार नको. पण या भागातून चालताना सखाराम गणेश देउस्करांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. देवघरकडच्या मराठी घराण्यात १८६९ मध्ये जन्मलेला हा माणूस बंगालीत लिहीत असे. त्यांचे ‘देशेर कथा’ हे १९०४ चे पुस्तक स्वदेशी चळवळीत घरोघर वाचले गेले आणि १९१० मध्ये सरकारने जप्त केले. कोलकात्यात शिवाजी-उत्सव सुरू झाला तो १९०२ मध्ये, यांच्याच खटपटीने. रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली ती १९०४ मध्ये. जून १९०६ मध्ये लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे या उत्सवासाठी कोलकात्याला आले तेव्हा शहर त्यांच्या स्वागताला लोटले. यातले खापर्डे अमरावतीचे, मुंजे नागपूरचे. म्हणजे वऱ्हाड-नागपूरची माणसे, ज्या मुलखातून भास्करपंतांची फौज निघाली होती तेथली. बर्गींच्या आठवणींचे अंगाईगीत ऐकत वाढलेल्या लोकांनी शिवाजीचे नाव का उचलले, याचा उलगडा नुसत्या राजकीय सोयीने होत नाही. देउस्करांनी हे नाते आरडाओरडा न करता, बंगालीच्या अंगणात बसून जोडले. अठराव्या शतकातली हकीकत झाकून ठेवावी असा सल्ला त्यांना कोणी दिला असता तर तो त्यांना पटला नसता, असे त्यांचे लेखन वाचताना वाटते.

खंदकाचा खरा उपयोग लष्करी नव्हताच. तो कागदावर झाला. जून १७५७ मध्ये मीर जाफरशी झालेल्या करारात एक कलम असे आहे, की खंदकाच्या आतली जमीनदारांची जमीन कंपनीला मिळावी आणि शिवाय खंदकाबाहेर सहाशे यार्डांचा पट्टाही. म्हणजे मराठ्यांना बाहेर ठेवण्यासाठी काढलेली रेघ आता इंग्रजांना बाहेर पसरण्यासाठी मोजमापाची दोरी झाली. १७९४ मध्ये शहराच्या हद्दी जाहीर झाल्या तेव्हा पूर्वेची हद्द मराठा खंदकाच्या आतल्या काठावर धरली गेली. खंदकाच्या आत राहणारा माणूस इंग्रजांच्या वरिष्ठ न्यायालयाचा रहिवासी, बाहेरचा तो मुफस्सलातला. त्याचा कायदा वेगळा, त्याचे कोर्ट वेगळे. खंदक बुजला तरी ही रेघ दिवाणी कामकाजात दीर्घकाळ जिवंत राहिली. मराठ्यांनी न काढलेली, मराठ्यांच्या नावाची सीमा.

मौलालीच्या सुमाराला चालणाऱ्याने पावले थांबवावीत. बागबाजारपासून तीन मैल मोजले की आपण सियालदह ओलांडून येथवर येतो. पुढे रस्ता आचार्य जगदीशचंद्र बसू मार्ग या नावाने तसाच वळत दक्षिणेकडे जातो. त्याच्या खाली मात्र खंदक नाही. आराखड्यातल्या उरलेल्या चार मैलांवर कुदळ कधी पडली नाही. जेथे तो नदीला मिळायचा होता त्या गोविंदपुरातली वस्ती प्लासीनंतर नव्या किल्ल्यासाठी उठवली गेली. मौलालीच्या चौकात दर्गा आहे, ट्रामचे जुने रूळ आहेत, सियालदहच्या गाड्यांकडे धावणारी गर्दी आहे. खंदक कोठे संपला ते दाखवणारी खूण तेथे कोणतीही नाही.